आरोपीच्या पिंजऱ्यातील सभ्यता

सत्तेपुढे उभे राहण्याच्या दोनच रीती आपल्याकडे रूढ होत चालल्या आहेत. एक लोटांगणाची, दुसरी शिवीगाळीची. या दोहोंहून वेगळी अशी तिसरी रीत याच महाराष्ट्रात, मुंबईच्या उच्च न्यायालयात, 22 जुलै 1908 च्या रात्री दिसली होती. तिचे स्मरण बहुधा उत्सवी भाषणांपुरते उरले आहे आणि म्हणूनच तिचा खरा अर्थ हरवत आहे.

त्या खटल्याची पार्श्वभूमी सर्वज्ञात आहे. मुझफ्फरपूरच्या बाँबस्फोटानंतर 'केसरी'त 12 मे रोजी 'देशाचे दुर्दैव' आणि 9 जून रोजी 'हे उपाय टिकाऊ नाहीत' हे लेख आले आणि 24 जून रोजी लोकमान्य टिळकांना अटक झाली. न्यायासनावर दिनशा दावर होते. 1897 च्या खटल्यात टिळकांच्या जामिनासाठी वकील म्हणून उभे राहिलेले तेच हे दावर! ज्यूरीत सात युरोपीय आणि दोन पारशी. लेख मराठीत होते आणि ज्यूरीतील बहुसंख्यांना मराठीचा गंध नव्हता. ज्या भाषांतराच्या आधारे आरोपीचा हेतू ठरवावयाचा, ते भाषांतर सरकारी. निकाल काय लागणार हे समजण्यास ज्योतिषाची गरज नव्हती.

अशा वेळी टिळकांनी काय केले? परमेश्वरावर भार टाकून ते स्वस्थ बसले नाहीत. स्वतःचा बचाव स्वतःच करीत ते एकवीस तासांहून अधिक बोलले. भाषांतरातील एकेक शब्द त्यांनी तपासला, सरकारी भाषांतरकाराची उलटतपासणी घेतली, इंग्लंडातील वृत्तपत्रस्वातंत्र्याच्या इतिहासाचे दाखले दिले. हे सारे न्यायालयाचा मान राखून. दैवावर विसंबणे आणि ईश्वरावर श्रद्धा ठेवणे यांतील अंतर येथेच कळून येते. दैववादी माणूस कष्ट वाचवितो. टिळकांनी सर्व कष्ट आधी केले आणि मगच ईश्वराचे नाव घेतले.

ते नाव घेण्याचा क्षण आला तो ज्यूरीने सात विरुद्ध दोन अशा मतांनी दोषी ठरविल्यावर. काही सांगावयाचे आहे काय, असे विचारले गेले तेव्हा टिळकांनी मोजकी वाक्ये उच्चारली. ज्यूरीचा निर्णय काहीही असो, आपण निर्दोष आहोत. मानवी न्यायालयाहून श्रेष्ठ शक्ती जगाचे नियमन करीत असते. आपल्या कार्याचा उत्कर्ष आपल्या मुक्ततेपेक्षा आपल्या यातनांनीच व्हावा, अशीही ईश्वराची इच्छा असेल. असा त्यांचा आशय होता. न्यायमूर्तींविषयी एक कठोर शब्द नाही. तरीही इतका सविनय उद्गार इतका अवज्ञापूर्ण कसा असू शकतो, याचे आश्चर्य वाटते. कारण त्यात न्यायालयाचा अधिकार नाकारलेला नाही. त्या अधिकारावर आणखी एक अपीलाचे न्यायालय आहे, एवढेच सांगितले आहे. सत्तेला शिवी सोसते, शिवीचे उत्तर तिच्यापाशी तयार असते. स्वतःची मर्यादा दाखविणाऱ्याचे काय करावे, हे मात्र तिला कळत नाही. दावरांनी टिळकांच्या लिखाणामागे रोगट, विकृत मन असल्याचे म्हटले आणि सहा वर्षांची काळ्या पाण्याची शिक्षा व हजार रुपये दंड ठोठावला. त्या रात्री संयम कोणाचा सुटला होता, हे वाचकांनीच ठरवावे.

येथे एक आक्षेप येईल. अशा सौजन्याने अखेर मिळाले काय? टिळक मंडालेस गेले. पत्नी सत्यभामाबाई 1912 मध्ये निवर्तल्या तेव्हाही ते तेथेच होते. हा हिशेब खोटा नाही आणि श्रद्धेच्या गौरवात तो लपवूही नये. परंतु जमेची बाजूही आहे. मुंबईच्या गिरणी कामगारांनी शिक्षेच्या एकेका वर्षासाठी एकेक दिवस, असे सहा दिवस काम बंद ठेवले आणि गोळीबारही सोसला. ज्यांच्या हातावर पोट, त्यांनी सहा दिवसांची मजुरी सोडणे ही अर्थशास्त्राच्या पाठ्यपुस्तकात सहज न बसणारी गोष्ट आहे. मंडालेतच 'गीतारहस्य' लिहिले गेले.

आणि 18 मार्च 1922 रोजी अहमदाबादेत याच कलमाखाली गांधीजी उभे राहिले, तेव्हा न्यायाधीश ब्रूमफील्ड यांनी सहा वर्षांची शिक्षा देताना टिळकांच्याच खटल्याचा आधार घेतला. टिळकांशी आपले नाव जोडले जावे हा बहुमान होय, असे गांधीजींनी सांगितले. त्या खटल्यात आरोपी तर सौजन्याने वागलाच, पण न्यायाधीशही त्याच भाषेत बोलले.

ते 124-अ कलम स्वतंत्र भारतातही दीर्घकाळ टिकले. सर्वोच्च न्यायालयाने 11 मे 2022 रोजी त्याचा अंमल थांबविला, 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहिता आली आणि त्यात 152 वे कलम बसले. कलमांचे क्रमांक बदलले, तरी पिंजरा तेथेच आहे. आणि सभ्यतेची अपेक्षा अजूनही त्यात उभ्या राहणाऱ्याकडूनच अधिक केली जाते, उच्चासनावरून बोलणाऱ्याकडून क्वचितच.