थॅचरबाईंचा हवामानाचा इशारा आणि खाणकामगारांचा अनुभव

पृथ्वीच्या तापमानवाढीचा प्रश्न जागतिक राजकारणात ज्या सत्ताधाऱ्यांनी प्रथम मांडला, त्यांत ब्रिटनच्या हुजूर पक्षाच्या पंतप्रधान मार्गारेट थॅचर यांचे नाव घ्यावेच लागते. २७ सप्टेंबर १९८८ रोजी रॉयल सोसायटीपुढे आणि ८ नोव्हेंबर १९८९ रोजी संयुक्त राष्ट्रसंघाच्या आमसभेत त्यांनी वातावरणातील वाढत्या कार्बन डायऑक्साइडचा धोका स्पष्ट शब्दांत सांगितला. थॅचरबाई रसायनशास्त्राच्या पदवीधर होत्या. विज्ञान त्यांना कळत होते.

खाणकामगारांची संघटना मोडण्यासाठीच त्यांनी हवामानाचा बागुलबुवा उभा केला, असा तर्क अधूनमधून ऐकू येतो. तारखा पाहता तो टिकत नाही. मार्च १९८४ मध्ये सरकारी कोळसा मंडळाने सुमारे वीस खाणी बंद करण्याचा बेत जाहीर केला आणि वर्षभराचा संप पेटला. लढणाऱ्या कामगारांना थॅचरबाईंनी देशांतर्गत शत्रू ठरविले. मार्च १९८५ मध्ये कोणताही करार न होता कामगार कामावर परतले. हवामानावरील भाषण त्यानंतर साडेतीन वर्षांनी झाले. संप मोडला गेला तो तोट्यातील खाणींच्या नावाने.

हवामानाचा धोका पटलेल्या या पंतप्रधानांचे ऊर्जाधोरण मग काय होते? १९८९ च्या कायद्याने वीज उद्योग खासगी भांडवलाला विकण्याची वाट मोकळी झाली. अणुकेंद्रांचा बोजा घ्यायला भांडवलदार तयार नव्हते, म्हणून त्याच वर्षी ती विक्रीतून वगळून सरकारकडेच ठेवण्यात आली. पुढे खासगी कंपन्या स्वस्त वायूकडे वळल्या. धूर कमी झाला हे खरे. पण यॉर्कशायर, डरहॅम आणि वेल्समधील खाणवस्त्यांचा रोजगार गेला व त्याची भरपाई बाजाराने केली नाही.

१९९७ च्या क्योटो कराराने उत्सर्जनावर बंधनकारक मर्यादा आणल्या. २००२ मधील आपल्या ‘स्टेटक्राफ्ट’ या ग्रंथात थॅचरबाईंनी या साऱ्या चळवळीत समाजवादाला मागच्या दाराने आणण्याचे निमित्त पाहिले. दरम्यान विज्ञानाचे पुरावे अधिक भक्कमच झाले होते. भांडवलावर नियंत्रण येणार असे दिसताच त्यांची भूमिका पालटली.

हा इतिहास आपल्या कोळसा पट्ट्याने ध्यानात ठेवला पाहिजे. १९७३ मध्ये राष्ट्रीयीकरण झालेल्या कोळसा उद्योगात २०२० पासून व्यापारी उत्खननासाठी खासगी कंपन्यांना लिलावाने खाणी दिल्या जात आहेत. लगेच पुढच्या वर्षी ग्लासगो परिषदेत पंतप्रधान मोदी यांनी २०७० पर्यंत निव्वळ शून्य उत्सर्जनाची घोषणा केली. या दोन निर्णयांच्या मध्ये झरिया, कोरबा, सिंगरौली आणि चंद्रपूरचा खाणकामगार उभा आहे. त्यातला कंत्राटी कामगार तर खाण बंद होताच रिकाम्या हाताने घरी जाईल.

तापमानवाढ नाकारणे हे यावरचे उत्तर नव्हे. उन्हाच्या तडाख्यात पहिला होरपळतो तो उघड्यावर राबणारा कष्टकरीच. म्हणून खाण बंद करण्यापूर्वी पर्यायी रोजगार, कंत्राटी कामगारांसह सर्वांना निवृत्तिवेतन, खणलेल्या जमिनीची दुरुस्ती आणि नव्या ऊर्जेवर सार्वजनिक मालकी, या मागण्या कामगार संघटनांनी आजच पुढे रेटल्या पाहिजेत. ब्रिटनमधील शेवटचे कोळशाचे वीजकेंद्र ३० सप्टेंबर २०२४ रोजी बंद झाले. तोवर तेथील बहुतेक खाणकामगारांचा निकाल कधीच लागला होता. आपल्याकडे अजून वेळ आहे.