बुडालेलं इंजिन वाचतं, पण पंचनाम्याची वाट बघत ठेवलं तर नाही

मे २०२१ च्या तौक्ते वादळात देवगडच्या आनंदवाडी बंदरात नौका बुडाल्या, खलाशांचे जीवही गेले. अशा वादळानंतर होडी वर काढली की किनाऱ्यावर सल्ला ठरलेला असतो : पंचनामा होईपर्यंत कशाला हात लावू नका. इंजिनाच्या बाबतीत हा सल्ला महागात पडतो.

खाऱ्या पाण्याने भिजलेल्या लोखंडाला हवा लागली की काही तासांतच गंज धरू लागतो. सिलिंडरमध्ये रिंगा चिकटल्या की इंजिन जाम. म्हणून मिस्त्री लगेच मिळणार नसेल तर आउटबोर्ड मशीन उघड्यावर ठेवण्यापेक्षा गोड्या पाण्याच्या पिंपात बुडवून ठेवलेलं बरं. ऐकायला उलटं वाटेल, पण पाण्यात हवा कमी लागते.

दुसरी चूक घाईची. ‘सेल्फ मारून बघू’ असं कोणीतरी म्हणतंच. सिलिंडरमधलं पाणी दाबलं जात नाही, उलट कनेक्टिंग रॉड वाकतो. आधी बॅटरीची वायर काढायची, इंजिन गोड्या पाण्याने धुवायचं, डिझेल असेल तर नोजल आणि पेट्रोल असेल तर प्लग काढून हाताने फिरवायचं. पाणी बाहेर पडतं. फिरतच नसेल तर जोर लावू नये, मिस्त्रीकडून हेड उघडून घ्यावं. मग सिलिंडरमध्ये थोडं ऑईल सोडायचं, चेंबरचं ऑईल, टाकीतलं इंधन, फिल्टर सगळं बदलायचं. सुरू झाल्यावर अर्धा-एक तास हळू चालवायचं. ऑईल दुधासारखं दिसलं तर पुन्हा बदला. एकदा बदलून बहुधा भागत नाही. सेल्फ आणि अल्टरनेटर वेगळे धुऊन, सुकवून घ्यावे लागतात.

आता भरपाईचं बघा. केंद्राच्या २०२२ ते २०२६ च्या आपत्ती निकषांत अंशतः नुकसान झालेल्या होडीला ६ हजार, पूर्ण गेलेल्या होडीला १५ हजार रुपये आहेत. जाळ्यांचा रकाना वेगळा. इंजिनाचा रकानाच नाही! राज्य सरकार कधी वाढवून देतं, तरी नव्या इंजिनाच्या किमतीपुढे ते काहीच नाही.

म्हणजे ज्याची नोंद वेगळी होणारच नाही, त्यासाठी इंजिन गंजू देण्यात अर्थ नाही. होडीचा आणि इंजिनाचा नंबर दिसेल असे फोटो-व्हिडिओ काढावेत, तलाठी आणि मत्स्यव्यवसाय कार्यालयाला त्याच दिवशी पाठवावेत, विमा असेल तर कंपनीलाही कळवावं आणि धुवायला घ्यावं. प्रशासनाला खरंच मदत करायची असेल तर पंचनाम्याच्या पथकाआधी बंदरावर गोड्या पाण्याचा टँकर आणि दोन मिस्त्री पाठवावेत.