गुणांची शिडी आणि पर्लकोटेचा पूर

बॅडमिंटनच्या जागतिक क्रमवारीत मागील 52 आठवड्यांतील सर्वोत्तम 10 स्पर्धांचे गुण धरले जातात. नियम सर्वांना सारखा, म्हणून तो न्याय्य, अशी क्रीडासंघटनांची समजूत असते. परंतु 20 स्पर्धा खेळणाऱ्याला त्यांतील 10 निवडता येतात. 10च खेळणाऱ्याचे पडते दिवसही हिशेबात धरले जातात. आणि ज्याला 4 स्पर्धांपुरतेच भाडे जमते त्याच्या 6 रकान्यांत शून्य पडते. क्रमवारीत कौशल्य मोजले जाते हे खरे. पण त्याबरोबर रेल्वेचे भाडे, मुक्कामाचा खर्च आणि रजा काढून सोबत येऊ शकणारा बापही मोजला जातो. मुंबई-पुण्यात रुजू पाहणाऱ्या पॅडेलमध्ये तर कोर्टाचे तासाचे भाडे आधी भरावे लागते. वरच्या फळीतील प्रौढ खेळाडूला निदान बक्षिसाची रक्कम मिळते. कुमार खेळाडूचे गुण बहुधा आईबापांच्या मिळकतीतूनच येतात.

हेमलकशाच्या लोकबिरादरी प्रकल्पाची आश्रमशाळा 1976 सालची. तेथील माडिया मुलांपुढे आहे ती शालेय स्पर्धांची शिडी : तालुका, जिल्हा, विभाग, राज्य. एक पायरी चुकली की वर्ष संपले. दहावी-बारावीचे सवलतीचे क्रीडागुण आणि शासकीय नोकरीतील खेळाडूंच्या 5 टक्के जागा यांसाठी पायरी जितकी वरची तितके तिचे मोल अधिक. आता भूगोल पाहावा. हेमलकसा पर्लकोटेच्या अलीकडे, तालुक्याचे ठाणे भामरागड पलीकडे. स्पर्धांचा हंगाम ऐन पावसाळ्यात सुरू होतो आणि नदी फुगली की, 2024 सालीही फुगली होती, रस्ता बंद. पुढे गडचिरोली दीडशे किलोमीटरहून दूर, नागपूर तीनशेहून. नियमपुस्तिकेत अर्थातच नदीचा उल्लेख नसतो.

गुणवत्ता नाही म्हणावे, तर मे 2018 मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातील आश्रमशाळांच्या 5 विद्यार्थ्यांनी एव्हरेस्ट सर केले. तेथे निवड करणारे आश्रमशाळांपर्यंत गेले होते आणि प्रशिक्षणाचा व मोहिमेचा खर्च शासनाने उचलला होता. दोन्ही गोष्टी घडल्या तेव्हाच ही मुले जगाला दिसली.

अधिक खेळणाऱ्याच्या परिश्रमाला मोल नको काय, हा आक्षेप उडवून लावण्याजोगा नाही. परंतु बुद्धिबळाने 1970 सालीच आर्पाद एलो यांची पद्धत स्वीकारली. तीत किती डाव खेळलात यापेक्षा कोणाशी खेळून काय निकाल लावलात याला महत्त्व आहे. तिलाही मर्यादा आहे : आपसांतच खेळणाऱ्या दूरच्या गटाची पातळी बाहेरच्यांशी ताडून पाहता येत नाही. म्हणजे प्रवास टळत नाही. प्रश्न उरतो तो त्याचा खर्च कोणी करावा एवढाच. तो शासनाने व संघटनांनी करावा, कुमार गटात हिशेबात धरायच्या स्पर्धांची संख्या 4-5 वर आणावी, आणि भामरागड तालुक्याच्या स्पर्धा पाऊस ओसरल्यावर घ्याव्यात. यांपैकी शेवटच्या सुधारणेला तर एक पैही लागत नाही. लागते ते फक्त नवे वेळापत्रक.