साहेब काहीच बोलत नाहीत, तेव्हा

कॉलेजात आपल्याला कुणीतरी सतत काहीतरी सांगत असतं. निबंधावर लाल शेरा असतो, इंटर्नलचे मार्क असतात, ‘हे परत लिहून आण’ असा दम असतो. नोकरी लागली की हे सगळं एका दिवसात थांबतं. मी बी.कॉम. करून उद्यमबागेतल्या एका कारखान्यात अकाउंट्सला लागलो, त्याला आता दीड वर्ष होईल. पहिले सहा महिने आमचे साहेब माझ्या कामाला चांगलंही म्हणाले नाहीत आणि वाईटही नाहीत. फाईल ठेवायची, ते सही करणार किंवा बाजूला सारणार. बस्स. मंडळाच्या कार्यक्रमाला आलो की शेवटच्या वर्षाची मुलं ‘ऑफिसात कोण शिकवतं हो?’ म्हणून विचारतात. त्यांच्यासाठी हे चार शब्द.

पहिली गोष्ट, साहेबांचं गप्प बसणं म्हणजे आपला निकाल नव्हे. आपण परीक्षांवर वाढलेली मुलं. मार्क कळले नाहीत की नापासच झालो असं धरून चालतो. माझ्याबरोबर लागलेला मित्र ‘साहेबांना मी नको आहे’ असं मनाशी ठरवून चौथ्या महिन्यात सोडून गेला. त्याच्या जागी माणूस शोधताना साहेब सहज म्हणाले, ‘तो मुलगा हुशार होता.’ हे एक वाक्य त्याच्यासमोर बोलले असते तर?

साहेब दुष्ट नाहीत. काम चोख म्हणून त्यांना बढती मिळाली. शिकवायचं कसं, हे त्यांना कुणी सांगितलेलंच नाही. त्यात ७ तारखेला टीडीएस भरायचा, ११ला जीएसटीआर-१, २०ला ३बी. शिवाय ते धारवाडकडचे. त्यांची मराठी तोडकी, माझं कन्नड त्याहून तोडकं. अर्धी शांतता तर भाषेचीच होती. ‘सरी ऐतेन्री, सर?’ म्हणजे ‘बरोबर आहे का?’ एवढं विचारायला शिकलो आणि मान वर करून उत्तर मिळू लागलं.

दुसरी गोष्ट, प्रश्न लहान करा. ‘सर, माझं काम कसं आहे?’ याला ‘ठीक आहे, चालू दे’ हेच उत्तर येणार. त्याऐवजी असं विचारा: ‘या पुरवठादाराचं बिल आपल्या खरेदीत आहे, पण २बीमध्ये दिसत नाही. या महिन्यात क्रेडिट धरत नाही, त्याला फोन करतो. चालेल?’ आपलं उत्तर आधी मांडायचं आणि ‘हो’ की ‘नाही’ एवढंच त्यांच्यावर सोडायचं. ‘नाही’ आलं तर पाठोपाठ कारण येतं, आणि ते कारण म्हणजेच शिकवणं. मात्र १९ तारखेच्या संध्याकाळी विचारू नका. २२ नंतर विचारा.

तिसरी गोष्ट, काम स्वतःही बोलतं. दर महिन्याच्या १४ तारखेला २बी येतं. खरेदीची नोंदवही त्याच्याशी ताडून बघितली की आपलं काय राहिलं ते कुणी न सांगता कळतं. मी एक वही ठेवली आहे. मी लिहिलेलं पत्र आणि साहेबांनी पेनाने दुरुस्त करून पाठवलेलं पत्र, दोन्ही तीत शेजारी शेजारी चिकटवतो. ती दुरुस्ती हाच त्यांचा शेरा. आणि साहेब एकटेच गुरू नसतात. जॉबवर्कला बाहेर गेलेला कच्चा माल वर्षाच्या आत परत यायला हवा, नाहीतर त्यावर कर लागतो, हे मला डिस्पॅचच्या काकांनी चलनांचा गठ्ठा दाखवून समजावलं. पुस्तकातून ते इतकं पक्कं बसलं नसतं.

एवढं सांगून झाल्यावर एक मतभेद नोंदवतो. अशा वेळी मोठी माणसं हमखास म्हणतात, ‘एकलव्य हो, स्वतः शिक.’ मला हा सल्ला पटत नाही. एकलव्याच्या गोष्टीचा शेवट आपण विसरतो. ज्यांनी शिकवलं नाही, त्यांनीच दक्षिणा म्हणून अंगठा मागितला. काम पुरेपूर घ्यायचं आणि शिकवायचं मात्र नाही, ही ऑफिसची रीत त्याहून फार वेगळी नाही. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्यात उमेदवाराला प्रशिक्षण देणं हे मालकाचं कर्तव्यच ठरवलं आहे. पण त्यासाठी रीतसर नोंदलेला करार लागतो. नेमणूकपत्रावर नुसतं ‘ट्रेनी’ लिहिलेलं असेल, तर करार नोंदला आहे का, हे रुजू होतानाच विचारा. विचारण्यात उद्धटपणा काही नाही.

म्हणून स्वतःपुरती एक मुदत ठरवा. वर्ष संपताना वही उघडून बघा. नवीन काही सापडलं तर टिकून राहा, आणि वार्षिक आढाव्याच्या वेळी त्याचंच एक पान साहेबांपुढे ठेवा. आढावा लिहिताना त्यांनाही ते उपयोगी पडतं. वही कोरी असेल, तर दुसरी नोकरी शोधायला लागा. त्याला पळून जाणं म्हणत नाहीत. फक्त तो निर्णय वही बघून घ्या, साहेबांचा चेहरा बघून नको.

आणि उद्या तुमच्या हाताखाली कुणी नवा पोरगा किंवा पोरगी आली, तर आठवड्यातून एक वाक्य तरी बोला. ‘हे छान झालंय’ किंवा ‘हे असं नको, असं कर.’ त्याला खर्च काहीच येत नाही, आणि एखादा हुशार मुलगा टिकून राहतो.