मातृत्वाचा करार : कागद कोणाच्या रक्षणासाठी?

‘भाडोत्री माता’ हा शब्द आपल्या वृत्तपत्रांनी रूढ केला आणि विषयाकडे पाहण्याची दृष्टीच त्याने बिघडवून टाकली. घर भाड्याने देणारा मालक स्वतः दुसरीकडे सुखाने राहतो. दुसऱ्याचे मूल उदरात वाढविणारी स्त्री मात्र नऊ महिने त्या व्यवहाराच्या आतच असते. रक्तदाब तिचा वाढतो, शस्त्रक्रियेची वेळ आली तर टाके तिच्या पोटावर पडतात आणि प्रसूतीत काही बरेवाईट झाले तर पोरकी होतात ती तिची स्वतःची मुले. म्हणून सरोगसीच्या कराराचा विचार करताना पहिला प्रश्न हाच विचारला पाहिजे, की हा कागद नेमका कोणाच्या रक्षणासाठी आहे?

आपल्या देशाने हा प्रश्न उशिरा विचारला. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने २००५ साली मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली; परंतु त्यांना कायद्याचे बळ नव्हते. परिणामी परदेशी दांपत्ये येत राहिली, दलाल वाढले आणि गरीब स्त्रीची कूस बाजारात आली. २००८ साली गुजरातमधील आणंद येथे एका जपानी दांपत्यासाठी बालिका जन्मली. तिच्या जन्मापूर्वीच ते दांपत्य विभक्त झाले होते. त्या तान्ह्या जिवाचा ताबा कोणाकडे, हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. वकील असलेल्या समृद्धी पोरे यांनी दिग्दर्शित केलेल्या ‘मला आई व्हायचंय’ या चित्रपटाने मराठी प्रेक्षकांसमोर हेच दुखणे मांडले. मूल अपंग जन्मेल या भीतीने परदेशी पालक पाठ फिरवितात आणि खेड्यातील स्त्री त्याला पोटच्या पोरासारखे वाढविते, ही त्याची कथा. २००९ साली विधी आयोगाने आपल्या २२८ व्या अहवालात व्यापारी सरोगसीवर बंदीची शिफारस केली. २०१५ च्या अखेरीस परदेशी नागरिकांना दार बंद झाले आणि अखेर सरोगसी (विनियमन) अधिनियम २५ जानेवारी २०२२ पासून अंमलात आला.

हा कायदा सामान्य कुटुंबाला काय सांगतो, हे एका उदाहरणाने पाहू. जुन्नर तालुक्यातील खोडद हे गाव जगाच्या नकाशावर आले ते तेथील रेडिओ दुर्बिणींमुळे. ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्या या परिसरात विखुरल्या आहेत. पण अशा विज्ञानाच्या शेजारीही लग्नाला आठ-दहा वर्षे होऊन पाळणा हलला नाही, की घरोघरी चर्चा सुनेच्या दोषाचीच होते आणि उपाय शोधला जातो तो ओळखीच्या माणसामार्फत. असे एखादे दांपत्य नारायणगावहून पुण्याचा रस्ता धरते, तेव्हा ओळखीच्या माणसाआधी त्याने कायद्याची पायरी ओळखली पाहिजे.

पहिली पायरी जिल्हा वैद्यकीय मंडळाची. गर्भाशय नसणे, ते काढून टाकावे लागणे, वारंवार गर्भपात होणे, प्रयोगशाळेतील फलनाचे अनेक प्रयत्न फसणे किंवा गर्भधारणेने जिवास धोका असणे, अशा कारणांचे प्रमाणपत्र तेथून मिळते. केवळ सोयीसाठी सरोगसी करता येत नाही. पत्नीचे वय २३ ते ५० आणि पतीचे २६ ते ५५ असावे लागते. हयात मूल नसावे. मूल गंभीर व्यंग किंवा जीवघेण्या आजाराने ग्रस्त असेल, तर अपवाद आहे. ३५ ते ४५ वयाच्या विधवा वा घटस्फोटित स्त्रीलाही हा मार्ग खुला आहे. कायद्यापूर्वीच ज्यांनी भ्रूण गोठवून ठेवले होते, अशा दांपत्यांना ही वयोमर्यादा लागू होणार नाही, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२५ मध्ये दिला आहे.

दुसरी पायरी न्यायालयाची, आणि नेमकी हीच अनेकांना ठाऊक नसते. होणाऱ्या बाळाचे पालकत्व व ताबा यांविषयीचा आदेश प्रथम वर्ग दंडाधिकारी किंवा त्यावरील न्यायालयाकडून आधी घ्यावा लागतो. त्यासाठीचा अर्ज दांपत्य आणि गर्भ वाढविणारी स्त्री यांनी मिळून करावयाचा असतो. जन्मानंतर हाच आदेश जन्माच्या नोंदीसाठी उपयोगी पडतो. ज्या करारामागे हा आदेश नाही, तो कितीही मुद्रांक लावून नोटरीकडून शिक्का मारून आणला तरी कुचकामीच समजावा.

तिसरी पायरी त्या स्त्रीची. तिचे वय २५ ते ३५ हवे, ती विवाहित किंवा पूर्वविवाहित हवी आणि तिला स्वतःचे मूल हवे. आयुष्यात एकदाच तिला हे करता येते; तिचे स्वतःचे बीज वापरता येत नाही. तिच्या समजुतीच्या भाषेत सर्व धोके सांगून लेखी संमती घ्यावी लागते आणि भ्रूण गर्भाशयात सोडण्यापूर्वी कोणत्याही क्षणी माघार घेण्याचा तिला अधिकार आहे. तिच्यासाठी ३६ महिन्यांचा विमा उतरविणे बंधनकारक आहे. तिला कोणी गर्भपाताची सक्ती करू शकत नाही. जन्मलेले मूल व्यंगाचे निघाले, मुलगी झाली वा पती-पत्नी विभक्त झाले, या कारणांनी मूल नाकारणे हा गुन्हा आहे.

कायद्याची चौकट अशी भक्कम आहे. तरीही तिच्यात एक फट आहे आणि ती आपल्या घरातच आहे. कायदा पैशाला मनाई करतो. वैद्यकीय व विहित खर्च आणि विमा एवढेच देता येते. मग पैशाविना तयार होणारी स्त्री बहुधा नात्यातली असणार. लहान जाऊ, धाकटी बहीण, विधवा चुलत वहिनी. एकत्र कुटुंबात जिच्या शब्दाला सर्वांत कमी किंमत, तिच्याच होकाराला येथे सर्वांत अधिक किंमत येते. सासूबाईंनी सर्वांसमक्ष विचारल्यावर ‘नाही’ म्हणण्याची सोय त्या सुनेला किती असते? त्यागाची आपली परंपरा थोर आहे. पण दुसऱ्याच्या त्यागावर आपण पुण्य मिळवू नये. तिला एकटीला, घराबाहेर, समुपदेशकासमोर विचारले गेले पाहिजे, आणि तिचा नकार घरात भांडणाचा विषय होता कामा नये.

दुसरी अडचण तितकीच व्यावहारिक आहे. कांद्याच्या लागवडीला किंवा टोमॅटोच्या तोडणीला रोजाने जाणारी स्त्री गर्भारपणात व नंतर काही महिने घरी बसली, तर तिच्या बुडालेल्या रोजाचे काय? संसदेच्या आरोग्यविषयक स्थायी समितीने २०१७ साली योग्य भरपाईची शिफारस केली होती. कायद्याने परोपकाराचा मार्ग निवडला. बाजार बंद झाला हे उत्तमच. परंतु बुडालेली मजुरी भरून देणे म्हणजे कुशीची किंमत लावणे नव्हे. नियमांत याची स्पष्ट तरतूद झाली पाहिजे. नोकरदार स्त्रीला हा न्याय काही अंशी मिळू लागला आहे. सरोगसीद्वारे माता झालेल्या प्राध्यापिकेला मातृत्व रजा नाकारता येणार नाही, असे मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०१५ साली सांगितले. केंद्र सरकारनेही जून २०२४ मध्ये आपल्या सेवेतील दोन्ही मातांना १८० दिवसांची रजा देऊ केली. शेतमजूर स्त्री मात्र या हिशेबात कोठेच नाही.

घरचीच माणसे आहेत, मग लिहून काय ठेवायचे, असे म्हणणाऱ्यांनी मुंबई उच्च न्यायालयाचा ऑगस्ट २०२४ मधील निकाल वाचावा. एका स्त्रीसाठी तिच्या सख्ख्या बहिणीने स्त्रीबीज दिले आणि सरोगसीने जुळ्या मुली जन्मल्या. पुढे पती-पत्नींत बेबनाव होऊन पती मुलींना घेऊन गेला. बीज बहिणीचे, तेव्हा पत्नीचा मुलींवर हक्कच नाही, असा युक्तिवाद त्याने केला. न्यायालयाने तो फेटाळला. बीज देणारी फार तर जनुकीय माता. पालकत्वाचा कायदेशीर हक्क तिला नाही, असे सांगून आईला मुलींना भेटण्याची मुभा दिली. तोपर्यंत त्या आईची काही वर्षे मुलींविना गेली होती.

फसवणुकीचा धोका तर वेगळाच. जुलै २०२५ मध्ये हैदराबादेतील एका केंद्राचे प्रकरण उघडकीस आले. सरोगसीच्या नावाखाली लाखो रुपये घेऊन एका दांपत्याच्या हाती परक्या गरीब जोडप्याचे बाळ देण्यात आले, असे पोलीस तपासात पुढे आले. डीएनए चाचणी जुळली नाही, तेव्हा त्यांचे डोळे उघडले. म्हणून केंद्राचे नोंदणी प्रमाणपत्र स्वतः पाहावे, पैसे पावतीनेच द्यावेत, गर्भ वाढविणाऱ्या स्त्रीला प्रत्यक्ष भेटावे आणि जन्मानंतर डीएनए चाचणी करून घ्यावी. ‘सगळे आम्ही पाहतो, तुम्ही फक्त बाळ न्यायला या’ असे सांगणाऱ्यापासून दूर राहणेच श्रेयस्कर. व्यापारी सरोगसीचा मार्ग धरणाऱ्या दांपत्यालाही पहिल्या गुन्ह्यासाठी पाच वर्षांपर्यंत कारावास होऊ शकतो, हे विसरू नये.

करार करताना सर्व शक्यता आधीच बोलून घ्याव्यात. औषधोपचार व आहाराचा खर्च कोण आणि कसा देणार, जुळे झाले तर काय, प्रसूतीनंतर तिच्या प्रकृतीची काळजी किती काळ, पालकांपैकी कोणी दगावले तर बाळाचा सांभाळ कोण करणार, हे सारे मराठीत लिहून तिच्या हाती एक प्रत द्यावी. तिचा वकील दांपत्याच्या वकिलाहून वेगळा असावा.

अपत्यहीनता हा कलंक नाही आणि दत्तकाचा सन्मान्य मार्गही सर्वांना मोकळा आहे. परंतु ज्यांनी सरोगसीचा निर्णय घेतला, त्यांच्या मागे समाजाने कुजबुज न करता उभे राहावे. गावोगाव काम करणाऱ्या कार्यकर्त्या भगिनींनी एक गोष्ट अवश्य करावी. असा करार होणार असे कानी आले, तर ज्या घरात बाळ येणार तेथे पेढे खाण्याआधी, जिच्या कुशीतून ते येणार तिच्या घरी जाऊन यावे. विमा झाला का, संमतीचा कागद तिने वाचला का आणि तिची मुले त्या काळात कोणाजवळ राहणार, एवढे तीन प्रश्न तिला विचारावेत.