डिस्कसची टाकी आणि आपले हात

गेल्या पावसाळ्यात एक निवृत्त शिक्षक दवाखान्यात आले. वय ७२, मधुमेह जुना. उजव्या हाताच्या तर्जनीवर जांभळट रंगाची, फारशी न दुखणारी गाठ होती. साधे गळू समजून मी पाच दिवसांचे प्रतिजैविक लिहून दिले. तीन आठवड्यांनी ते परतले तेव्हा गाठ तशीच होती आणि मनगटापासून कोपरापर्यंत आणखी दोन गाठी एका रेषेत उठल्या होत्या. सोबत आलेल्या सूनबाई सहज म्हणाल्या, "डॉक्टर, बाबा दिवसाआड माशांच्या टाकीत कोपरापर्यंत हात घालतात. त्याचं तर काही नसेल?" जो प्रश्न मी पहिल्याच भेटीत विचारायला हवा होता, तो त्यांनी विचारला. तपासणीअंती 'मायकोबॅक्टेरियम मरिनम' या जंतूचा संसर्ग निघाला.

सरांच्या टाकीत सहा डिस्कस आहेत. पत्नीच्या निधनानंतर मुलाने आणून दिलेले. निदान ऐकल्यावर औषध किती दिवस घ्यायचे हे त्यांनी नंतर विचारले, आधी विचारले, "मासे काढून टाकावे लागतील का?" मी 'नाही' म्हणालो. मात्र त्या उत्तराला काही पथ्ये जोडलेली होती. वाचकहो, तीच आज आपल्यापुढे मांडतो.

पाणी हेच औषध

डिस्कस हा दक्षिण अमेरिकेतील ॲमेझॉन नदीच्या खोऱ्यातला, तबकडीसारखा गोल आणि चपटा मासा. तिथले पाणी उबदार, मृदू व किंचित आम्लधर्मी असते. म्हणून घरातही त्याला २८ ते ३० अंश सेल्सिअस तापमान लागते आणि त्यासाठी हीटर व थर्मामीटर दोन्ही हवेत. हा कळपात राहणारा मासा आहे. दोन-तीनच ठेवले तर त्यांतला दांडगा इतरांना छळतो. पाच-सहा ठेवावेत आणि टाकी २०० लिटरहून लहान नसावी.

माशांची विष्ठा व उरलेले अन्न यांतून अमोनिया तयार होतो. फिल्टरमध्ये वाढणारे उपकारक जिवाणू त्याचे आधी नायट्राइट व नंतर नायट्रेट करतात. नव्या टाकीत ही व्यवस्था बसण्यास साधारण चार ते सहा आठवडे लागतात. तोवर डिस्कस आणू नयेत. अमोनिया व नायट्राइट शून्यच असले पाहिजेत. नायट्रेट मात्र साचत जाते आणि ते पाणी बदलूनच कमी होते. आठवड्यातून निदान दोनदा पाव टाकी पाणी बदलावे. नळाच्या पाण्यातील क्लोरीन माशांच्या कल्ल्यांना इजा करतो, म्हणून पाण्यात क्लोरीननाशक थेंब घालावेत आणि ते पाणी टाकीइतके कोमट करूनच आत सोडावे. फिल्टरचा स्पंज नळाखाली धुऊ नये; टाकीतून काढलेल्या पाण्यातच खळबळून घ्यावा, म्हणजे त्यातील जिवाणू टिकतात. अन्न दिवसातून दोन-तीन वेळा, पाच मिनिटांत संपेल एवढेच द्यावे.

मासा आजारी असल्याची लक्षणे ओळखणे कठीण नाही. रंग काळवंडतो, तो कोपऱ्यात तोंड खुपसून राहतो, अन्न सोडतो, श्वास जलद होतो, विष्ठा पांढरी व दोऱ्यासारखी होते. अशा वेळी प्रथम तापमान पाहावे, पाणी तपासावे आणि पाणी बदलावे. घरातील उरलेली प्रतिजैविके टाकीत टाकण्याचा मोह टाळावा. त्यामुळे फिल्टरमधील उपकारक जिवाणू मरू शकतात आणि औषधाला न जुमानणारे जंतू वाढतात. दोन दिवसांत सुधारणा नसेल तर माशांचे आजार जाणणाऱ्या पशुवैद्यकाला विचारावे. नवा मासा आणल्यास तो चार आठवडे वेगळ्या टाकीत ठेवावा.

पाळणाऱ्याचे पथ्य

आता सरांच्या हाताकडे वळू. हा जंतू सुमारे ३० अंशांना उत्तम वाढतो आणि ३७ अंशांना त्याची वाढ खुंटते. म्हणून तो शरीराच्या थंड भागांत, म्हणजे बोटे, हात व कोपर यांत, ठाण मांडतो. डिस्कसची उबदार टाकी त्याला सोयीचीच. एखाद्या बारीक ओरखड्यातून तो शिरतो आणि गाठ दिसायला दोन ते चार आठवडे, क्वचित काही महिने लागतात. तोवर ओरखडा विसरलेला असतो. माणसाकडून माणसाला हा आजार होत नाही. औषधे मात्र काही महिने घ्यावी लागतात. मधुमेह असलेल्या किंवा स्टिरॉइड घेणाऱ्या व्यक्तींत तो सांध्यांपर्यंत व हाडांपर्यंत उतरू शकतो.

यावर उपाय सोपे आहेत. टाकीत हात घालताना कोपरापर्यंतचे रबरी हातमोजे घालावेत. जखम असेल तर ते काम दुसऱ्याने करावे. नळीने पाणी काढताना तोंडाने ओढू नये. काम संपल्यावर साबणाने हात धुवावेत आणि टाकीचे सामान स्वयंपाकघरातील सिंकमध्ये धुऊ नये.

पाठीचा व गुडघ्यांचाही विचार हवा. २०० लिटर टाकीचे पाव पाणी म्हणजे ५० लिटर, म्हणजेच १० लिटरच्या पाच भरलेल्या बादल्या. त्या ज्येष्ठांनी उचलू नयेत. छोटा पंप व लांब नळी वापरावी. सांडलेले पाणी लगेच पुसावे, कारण ओल्या फरशीवर घसरून खुब्याचे हाड मोडलेले रुग्ण मी पाहिले आहेत. पाण्यात हात घालण्यापूर्वी सर्व उपकरणांचे प्लग काढावेत. हीटर पाणी उपसण्याच्या १५ मिनिटे आधीच बंद करावा, नाहीतर पाण्याबाहेर उघडा पडून त्याची काच तडकते.

सरांच्या घरी आता कामाची वाटणी झाली आहे. पाणी बदलतो नातू. खाणे घालणे, थर्मामीटर पाहणे आणि माशांचा रंग वहीत नोंदवणे सरांकडे. डिस्कसची पिल्ले पहिले काही दिवस आईबापांच्या अंगावरील श्लेष्म खाऊन वाढतात आणि नर-मादी आळीपाळीने त्यांना अंगावर घेतात. सांभाळणाऱ्यानेही अधूनमधून भार दुसऱ्याकडे सोपवावा, हे घरातील ज्येष्ठांच्या शुश्रूषेतही तितकेच खरे आहे.

सरांच्या गाठी पाच महिन्यांच्या औषधाने बऱ्या झाल्या. आपल्या घरी माशांची टाकी असेल आणि हातावरील गाठ किंवा जखम तीन आठवड्यांत भरली नाही, तर डॉक्टरांना टाकीविषयी आवर्जून सांगा. त्यांनी विचारले नाही तरीही सांगा. प्रयोगशाळेलाही ते कळायला हवे, कारण हा जंतू वाढवून पाहण्यासाठी नमुना नेहमीपेक्षा कमी तापमानाला ठेवावा लागतो.