शेवटी मरते का?

रात्रपाळी संपली. अंगावरचा लोखंडाचा गंज नळाखाली धुतला, चहा मारला आणि झोपायचं सोडून थेट वाचनालयात गेलो. धाकट्या बहिणीसाठी पुस्तक हवं होतं. पोरगी बारा वर्षांची, सातवीत. पुस्तक दिसलं की तिच्या कपाळाला आठ्या. मी घरातला कवी, म्हणून मला वाटतं हिनं वाचावं. आजवर चरित्रं दिली, जयंतीच्या स्टॉलवरच्या पुस्तिका दिल्या. सगळ्या फळीवर धूळ खातायत. शेवटी तीच बोलली, "दादा, लव्हस्टोरी असंल तर दे. पन शेवटी मरते का ते आधी सांग."

दोस्तहो, या एका प्रश्नानं माझी महिनाभर झोप गेली. म्हणून हे लिहितोय.

वाचनालयातल्या चष्मेवाल्या गृहस्थांना म्हटलं, बारा वर्षांच्या मुलीला प्रेमाची कादंबरी द्या, सोपी, छोटी. त्यांनी मला खालून वर पाहिलं. "अहो, हे वय आहे का? 'श्यामची आई' न्या."

'श्यामची आई' मी वाचलंय. रडलोयसुद्धा. पण साहेब, माझ्या आजीचं लग्न झालं तेव्हा ती बारा वर्षांची होती. तेव्हा कुणी म्हणालं नाही, हे वय आहे का. म्हंजे बारा वर्षांच्या पोरीचं लग्न या देशाला शेकडो वर्षं चाललं, तिनं प्रेमाची गोष्ट वाचलेली चालत नाही. लग्न म्हंजे संस्कार आणि गोष्ट म्हंजे बिघाड! ही कुठली नीती? ही नीती नाही, कुलूप आहे.

शरीराचं वर्णन असलेलं पुस्तक मी मागत नव्हतो. तेवढी अक्कल गोदीतल्या माणसालाही असते. एखादा पोरगा आवडणं, त्याच्याशी बोलताना जीभ अडखळणं, त्यानं वही परत करताना हळूच हसणं, एवढंच हवं होतं. हे बाराव्या वर्षी होतं. पुस्तक असो नसो, होतंच.

बरं, कपाटं उघडली. काय मिळालं? ना. सी. फडके. बंगला, मोटार, कॉलेज, चांदणं. या नायकांना पोटाचा प्रश्न कधी पडत नाही. त्यांचं प्रेम कोण करतं ते कळतं, त्यांची भांडी कोण घासतं ते कळत नाही. माझी आई घासते. तिची लेक ती कादंबरी उघडणार आणि स्वतःला कुठं शोधणार? मोरीत? मग खांडेकरांची 'ययाति'. १९५९ची, ज्ञानपीठ मिळालेली. राजाच्या भोगाचं दुःख. सातवीतल्या पोरीला राजाच्या भोगाशी काय करायचंय?

मग म्हटलं, आपल्यांकडे जाऊ. अण्णाभाऊ. वाटेगावचा माणूस, शाळेत धड दोन दिवस बसला नाही, मुंबईत हमाली केली, गिरणीत राबला, घाटकोपरच्या चिरागनगरच्या झोपडीत बसून कादंबऱ्या लिहिल्या. 'फकिरा' बाबासाहेबांच्या लेखणीला अर्पण केला. त्यांच्या बाया ताठ मानेच्या. पण भाषा जुन्या गावगाड्याची. शिवडीच्या झोपडपट्टीत जन्मलेली पोर दर ओळीला विचारते, म्हंजे काय? चार रात्री मी वाचून दाखवलं. ऐकलं तिनं, आवडलंही. पण ते माझं वाचन झालं, तिचं नाही.

आणि आमची आत्मकथनं? 'जिणं आमुचं' १९८६चं, 'आयदान' २००३चं. ती मोठेपणी तिच्या हातात पडलीच पाहिजेत. 'आयदान'मध्ये तर प्रेमही आहे. पण बारा वर्षांच्या पोरीनं पहिल्यांदा हौसेनं पुस्तक उचलायचं, तर जखमांपासूनच सुरुवात करायची का? तिला जखमा पुस्तकातून शिकायला नकोत. शाळेत आडनाव विचारलं जातं तेव्हा ती शिकतेच.

राहिला सिनेमा. 'सैराट', २०१६. ती मोबाइलवर बघते. आर्ची बुलेट चालवते तिथं टाळ्या वाजवते. पुढं गाणी संपत आली की बंद करते. म्हटलं, पुढचं बघ ना. म्हणाली, "पुढं भाऊ येतो."

पुढं भाऊ येतो. बारा वर्षांच्या पोरीला ठाऊक आहे.

आणि खोटं काय आहे त्यात? सोनई, जानेवारी २०१३. एका पोरानं वरच्या जातीच्या मुलीवर प्रेम केलं म्हणून तीन मेहतर तरुण कापले. खर्डा, एप्रिल २०१४. सतरा वर्षांचं दलित पोर, वरच्या जातीच्या मुलीशी बोलतो या संशयावरून मारून झाडाला टांगलं. २०१७ साली सत्र न्यायालयातून आरोपी निर्दोष सुटले. विशेष विवाह कायदा १९५४चा. त्यात लग्नाआधी ३० दिवस नोटीस कचेरीत लावतात. कायद्याला वाटतं हरकत घेणाऱ्याची सोय करतोय. सोय होते भावांची.

आता काही कार्यकर्ते म्हणतील, "कॉम्रेड, तुला दुसरा विषय नाही? गोदीत कंत्राटी पोरं सांगाड्यासारखी झाली, कंटेनर १९८९पासून न्हावाशेव्याकडे वळला, इथं पाळी मिळायची मारामार, आणि तू बहिणीसाठी लव्हस्टोरी शोधतोस?" होय, शोधतो. १९१६ साली कोलंबियात बाबासाहेबांनी निबंध वाचला. जात टिकते कशावर? आपसातच लग्न करण्यावर. १९३६ साली 'जातिनिर्मूलना'त पुन्हा तेच ठणकावलं, खरा उपाय आंतरजातीय विवाह. म्हंजे कोण कुणावर प्रेम करतं हा आमच्याकडे चांदण्याचा विषय नाही. जातीचा पाया तिथंच आहे. तो पाया खणायचा म्हणता आणि पोरींना प्रेम या शब्दाची भीती घालता? दारावर निळा झेंडा आणि आत मनूचा पहारा?

हे दुसऱ्यांना बोलायचा मला अधिकार नाही. गेल्या डिसेंबरात तिच्या वहीच्या शेवटच्या पानावर एका पोराचं नाव लिहिलेलं मी पाहिलं. पान फाडलं. हात उचलला. ती रडली नाही, नुसती बघत राहिली. त्याच आठवड्यात २५ डिसेंबर होता. १९२७च्या महाडची आठवण म्हणून मी वस्तीत मनुस्मृतीवर कविता वाचली, टाळ्या घेतल्या. मनूनं बाईभोवती तीन पहारेकरी बसवले, बाप, नवरा, मुलगा. बाप आमचा गेलेला. मी चौथा झालो, बिनपगारी. आता कळतं, "पुढं भाऊ येतो" म्हणताना ती पडद्याकडं बघत नव्हती.

तेव्हा ठरवलं, पुस्तक मी निवडायचं नाही. तिला रद्दीच्या दुकानात नेलं, हातात शंभर रुपये दिले. एवढंच सांगितलं, "एक पान उभ्यानं वाच. पाच शब्द अडले तर ठेवून दे. त्यातला पोरगा मुलीनं नाही म्हटल्यावरही मागं लागत असेल तर ठेवून दे. आणि जाडी बघ, दमशील इतकं घेऊ नको." आणि मी बाहेर जाऊन उभा राहिलो. अर्धा तास. आत डोकावायचं नाही म्हणून रस्त्यावरचे ट्रक मोजत बसलो.

वीस रुपयांचं पातळ पुस्तक घेऊन आली. मुखपृष्ठावर गोरीपान मुलगी, छत्री, पाऊस. आतली नायिका कुठल्यातरी सोसायटीत राहते, गाण्याच्या क्लासला जाते. मला आवडलं नाही. जीभ चावली, गप्प बसलो. शेवट तिनं आधीच उघडून पाहिला होता. मरत नाही.

चाळीस पानं वाचून झालीत. रांगेत पाण्याला उभी असताना वाचते.

म्हणून कवी दोस्तांनो, तुम्हाला सवाल. ती आज त्यांची गोष्ट वाचतेय याला जबाबदार कोण? ती नाही. आपण. आपण आग लिहिली, भूक लिहिली, शिव्या लिहिल्या. लिहायलाच हव्या होत्या. पण शिवडीच्या नळावर उभ्या असलेल्या काळ्यासावळ्या पोरीला कुणीतरी आवडतं, ती हो म्हणते किंवा नाही म्हणते, शाळा सोडत नाही आणि शेवटच्या पानावर जिवंत असते, एवढी शंभर पानांची कादंबरी आपल्यातल्या कुणी लिहिली? मला सापडली नाही. असेल तर आणून द्या, पाय धरतो. नसेल तर लिहा. ठळक अक्षरात, तिच्या भाषेत.

मीही लिहायला बसलोय. अकरा पानं झालीत. धाकटीला दाखवली. तिनं वाचायच्या आधी विचारलं, "भाऊ हाय का यात?"

म्हटलं, आहे. दुकानाबाहेर उभा आहे.

जयभीम.